गरजेचा पुरावा : मुंबईतील वीज उपकेंद्रांच्या नियामक मंजुरीची चिकित्सा

वीज उपकेंद्राच्या क्षमतावाढीस मंजुरी देणारा नियामक आयोगाचा आदेश हा सामान्यतः वकील, अभियंते आणि लेखापाल यांच्यापलीकडे कोणी वाचत नाही. वस्तुतः शहराचे पुढील तीस-पस्तीस वर्षांचे वीजजीवन आणि वीजदेयकातील एक स्थायी बोजा या दोहोंचा निर्णय अशाच आदेशांत होत असतो. वीजदरवाढीवर वृत्तपत्रांतून व विद्यापीठीय चर्चासत्रांतून बरीच चर्चा होते. परंतु दर ज्या भांडवली खर्चातून जन्माला येतो, त्या खर्चाच्या मंजुरीकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले आढळते. प्रस्तुत लेखात मुंबईतील दोन प्रकल्पांच्या आधारे या मंजुरीप्रक्रियेची चिकित्सा केली आहे. ही प्रक्रिया खर्चाची तपासणी बऱ्यापैकी काटेकोरपणे करते. खर्चाच्या गरजेची तपासणी मात्र तितक्या काटेकोरपणे करीत नाही, आणि ज्यांनी खर्च सोसावयाचा त्यांना उशिरा बोलावते, असे येथे प्रतिपादन आहे.

मुंबईची अडचण

मुंबईचा वीजपुरवठा देशातील इतर महानगरांहून वेगळ्या इतिहासातून घडला. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे ट्रॉम्बे व डहाणू येथील औष्णिक केंद्रे उभी राहिली. टाटांची जलविद्युत व ट्रॉम्बे येथील केंद्रे मिळून १३७७ मेगावॉट आणि डहाणूची ५०० मेगावॉट, अशी १८७७ मेगावॉटची क्षमता शहराच्या हाताशी राहिली. मागणी मात्र साडेतीन हजार मेगावॉटच्या पुढे गेली. उरलेली वीज बाहेरून आणणे भाग होते, आणि शहर तिन्ही बाजूंनी समुद्र व खाड्यांनी वेढलेले. वीज आणण्याचे मार्ग मोजके, ते कांदळवनांतून आणि दाट वस्तीतून जाणारे. राज्याच्या जाळ्यातील ४०० किलोव्होल्टची वीज कळवा, पडघे, खारघर अशा वेशीबाहेरच्या उपकेंद्रांपर्यंत येत असे. त्यापुढे शहरात ती २२० किलोव्होल्ट वा त्याहून कमी दाबाने शिरत असे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ही अडचण सर्वांना दिसली. पडघे-कळवा मार्गावरील बिघाडांच्या साखळीने दोन हजार मेगावॉटहून अधिक पुरवठा खंडित झाला. असा प्रसंग ओढवताच शहराला जाळ्यापासून अलग करून स्थानिक केंद्रांवर तगविणारी योजना, जिला अभियंते आयलँडिंग म्हणतात, ती त्या दिवशी यशस्वी झाली नाही. उपनगरी गाड्या थांबल्या. काही उपनगरांत वीज सायंकाळपर्यंत आली नाही. आयोगाने स्वतःहून दखल घेऊन सुनावणी केली. या घटनेचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध तांत्रिक नाही. वर्षानुवर्षे आलेखांतून आणि भारप्रवाहाच्या गणितांतून जी गरज मांडली जात होती, ती एका सकाळीत निर्विवाद ठरली. त्यानंतर शहरात अधिक क्षमतेचे उपकेंद्र हवे की नको, हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारला नाही. अपघाताने सिद्ध झालेली गरज तपासणीच्या तावडीतून सुटते; मंजुरीच्या इतिहासात हे पुन्हापुन्हा घडते.

‘तत्त्वतः’ या शब्दाचे वजन

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची स्थापना ऑगस्ट १९९९ मध्ये झाली. २००३ च्या विद्युत अधिनियमाने त्याचे अधिकार विस्तारले. २००५ मध्ये आयोगाने भांडवली गुंतवणुकीच्या योजनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार दहा कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल आयोगाकडे सादर करून आधी ‘तत्त्वतः मान्यता’ घ्यावयाची, अशी पद्धत पडली. आयोग शंका विचारतो, कंपनी उत्तरे देते, आणि पत्राने मान्यता कळविली जाते. पुढे उपकेंद्र उभे राहून वापरात आले, की वीजदर याचिकेत तो खर्च दाखल होतो आणि तेथे जाहीर सुनावणी होते. २०२२ मध्ये या विषयावर स्वतंत्र विनियम आले. तथापि या व्यवस्थेची मूळ मनोरचना २००५ च्या तत्त्वांत घडली, म्हणून तीच येथे विचारात घेतली आहे.

मराठी कार्यालयीन व्यवहारात ‘तत्त्वतः’ हा शब्द देणाऱ्याला मोकळा ठेवतो आणि घेणाऱ्याला आशा देतो. आयोगाच्या बाबतीतही तसेच घडते. पत्रात अंतिम खर्चाची हमी नसते. काटकसर सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. आयोग नंतर खर्च नामंजूर करू शकतो आणि अनेकदा करतोही. हे सारे स्तुत्य होय. परंतु नामंजुरी होते ती जादा खर्चाची, विलंबाची, काम सुरू असतानाच्या वाढीव व्याजाची. उपकेंद्रच नको होते, असे म्हणावयास तोवर जागा उरत नाही. लोखंड रोवले गेलेले असते, रोहित्रे जोतावर बसलेली असतात. नागरिकाला पहिल्यांदा बोलण्याची संधी मिळते ती नेमकी या टप्प्यावर. अधिनियमाचे कलम ८६(३) आयोगाने पारदर्शकता राखावी असे सांगते, आणि कलम ९४(३) ग्राहकांचे प्रतिनिधित्व करणारी व्यक्ती नेमण्याची मुभा देते. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास यांसारख्या संस्थांनी या तरतुदींच्या आधारे दरसुनावण्यांत जे काम केले, त्याचे मोल वादातीत आहे. मात्र दरसुनावणी ही नदीच्या मुखाशी होते; उगमापाशी झालेला निर्णय तेथे बदलता येत नाही.

मर्यादा दहा कोटींची ठेवली म्हणजे त्याखालच्या योजनांची संख्या वाढणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. एक मोठे काम तीन लहान कामांत मांडता येते. आयोगाने हे ओळखले आणि लहान योजनांवरील एकूण खर्चास मोठ्या योजनांच्या खर्चाच्या वीस टक्क्यांची मर्यादा घातली. ही तरतूद शहाणपणाची खरी. पण तीही खर्चाला कुंपण घालते, गरजेला नव्हे.

गरज मोजण्याचे साधन म्हणून ‘एन वजा एक’ हा निकष सर्वत्र मान्य आहे. जाळ्यातील कोणताही एक घटक निकामी झाला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे, असा त्याचा आशय. ५०० एमव्हीएची तीन रोहित्रे असतील, तर १५०० ची क्षमता असूनही भरवशाची क्षमता १००० एमव्हीएच धरावी लागते. निकष चोख आहे. मात्र त्यात घातला जाणारा भाराचा आकडा भविष्यातला असतो, आणि तो अंदाज मुख्यतः ज्यांना उपकेंद्र उभारावयाचे किंवा वापरावयाचे आहे त्यांच्याच माहितीवर बेतलेला असतो. पाच वर्षांपूर्वीचे अंदाज प्रत्यक्षात किती उतरले, याचा ताळा प्रत्येक नव्या अर्जासोबत मागितला गेला, तर अनेक आलेखांचा चढ आपोआप सौम्य होईल. मागणी-व्यवस्थापनासाठी आयोगाने २०१० मध्ये विनियम केले. त्यांचा आणि उपकेंद्रांच्या मंजुरीचा संवाद प्रायः होत नाही. पर्यायांचा विचार मार्ग, दाब, उपकरणे यांपुरता राहतो. सायंकाळच्या शिखरभारात काही मेगावॉटची कपात करून रोहित्र पाच वर्षे पुढे ढकलता येईल काय, हा प्रश्न अभियांत्रिकी इतकाच अर्थशास्त्राचाही आहे. पण तो विचारण्यात कंपनीचे हित नाही.

हे हित कसे घडते, ते स्पष्ट करणे अगत्याचे आहे. भांडवलाचे कर्ज व भाग यांत ७०:३० असे विभाजन धरले जाते. २०१५ च्या बहुवर्षीय वीजदर विनियमांत पारेषणासाठी भागभांडवलावर १५.५ टक्के परतावा होता. म्हणजे शंभर कोटींच्या कामात तीस कोटींवर वर्षाला ४.६५ कोटी. कर्ज फिटत जाते, व्याज घटते. भागभांडवलाचा पाया मात्र घसाऱ्याने कमी होत नाही, म्हणून हा परतावा मालमत्ता वापरात असेतोवर चालू राहतो. अशा रचनेत कंपनीला मोठे उपकेंद्र लहानापेक्षा आणि नवे जुन्यापेक्षा प्रिय वाटले, तर त्यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. नियमच तसे शिकवितात. म्हणूनच गरजेची कसोटी बाहेरून यावयास हवी.

विक्रोळी आणि आरे

विक्रोळीचे ४०० किलोव्होल्ट उपकेंद्र हे मुंबई शहरातील या दाबाचे पहिले मोठे प्रवेशद्वार. मूळ योजना टाटा पॉवरच्या पारेषण विभागाकडे होती. ती अनेक वर्षे मार्गी लागली नाही. पुढे खारघर-विक्रोळी वाहिनीसह हे काम स्पर्धात्मक निविदेने, म्हणजे अधिनियमाच्या कलम ६३ खाली, अदानी समूहाच्या पारेषण कंपनीकडे गेले आणि २०२३ मध्ये कार्यान्वित झाले. सुमारे ७४ परिपथ-किलोमीटर वाहिनी आणि १५०० एमव्हीएचे उपकेंद्र, तेही सुमारे साडेनऊ हजार चौरस मीटर जागेत, ४०० व २२० किलोव्होल्टची यंत्रणा एकावर एक रचून. जागा वाचविणारी ही गॅसरोधित यंत्रणा मुंबईत अपरिहार्यच होती. तिच्यात वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चोवीस हजार पट प्रबळ आहे. गळतीचा हिशेब मंजुरीच्या वेळीच मागावा, एवढे तरी त्यावरून सुचते.

या उदाहरणातील बोधप्रद भाग म्हणजे मधली वर्षे. मंजुरी होती, उपकेंद्र नव्हते. विलंबाचे मोल आदेशांत शोधू गेल्यास वाढलेले व्याज आणि वाढलेला प्रकल्पखर्च एवढेच सापडते. त्या काळात शहराने जी जोखीम वाहिली, तिला रकाना नाही. गरजेची तपासणी कडक करावी, असे म्हणताना हा आक्षेप टाळता येत नाही: अधिक तपासणी म्हणजे अधिक वर्षे. तथापि विक्रोळीची वर्षे आयोगाच्या शंका-समाधानात गेली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मुंबईत वेळ खातात ते जमीन, मार्गाचा हक्क आणि कांदळवनांच्या परवानग्या. आणि हे विषय नियामक मंजुरीच्या कक्षेबाहेर राहतात. कांदळवने तोडावयाची तर सार्वजनिक प्रकल्पासही उच्च न्यायालयाची अनुमती लागते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालाने ठरविले. जागा व मार्ग हाती नसताना दिलेली मान्यता ही कागदावरची क्षमतावाढ होय, आणि नियोजनाच्या नकाशात ती खऱ्या क्षमतेसारखी रंगविली जाते, हा तिचा सर्वांत मोठा दोष.

आरे-कुडूस हा १००० मेगावॉटचा उच्चदाब एकदिश प्रवाहाचा दुवा. सुमारे सात हजार कोटींचे हे काम निविदेविना, कलम ६२ खाली, अदानी समूहाच्याच कंपनीस देण्यात आले. आयोगाने २०२१ मध्ये परवाना दिला. टाटा पॉवरने त्यास आव्हान दिले. अपिलीय न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ते फेटाळले. दर ठरविण्याचे दोन्ही मार्ग अधिनियमाने खुले ठेवले असून निवडीचा स्वेच्छाधिकार राज्यांना आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर सर्व राज्य आयोगांनी दरनिश्चितीचे विनियम तीन महिन्यांत करावेत, असा आदेशही दिला. कायद्याचा अर्थ म्हणून निर्णय सुसंगत आहे. परंतु वर्षभराहून अधिक चाललेल्या या वादात प्रश्न होता तो काम कोणाला व कोणत्या कलमाखाली द्यावे, हा. प्रकल्पाच्या गरजेवर उभय पक्षांचे एकमत होते. असणारच, कारण दोघेही बांधणारे होते.

खर्च कोणाचा

२००६ पासून राज्यांतर्गत पारेषणाचा सर्व परवानाधारकांचा खर्च एकत्र करून वितरण कंपन्यांत त्यांच्या शिखरमागणीच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे विक्रोळीच्या रोहित्रांचा भार चंद्रपूरच्या पिठाच्या गिरणीवाल्याच्याही देयकात काही पैशांनी उतरतो. आणि विदर्भातील वाहिन्यांचा भार मुंबईकरही वाहतो. ही व्यवस्था अन्यायाची नाही. सामायिक जाळ्याचे सामायिक मोल, हे तत्त्व ग्राह्यच आहे. पण त्यातून एक परिणाम संभवतो. खर्च इतका विरून जातो, की कोणाही एका ग्राहकाला त्याविरुद्ध उभे राहण्याचे कारण उरत नाही. उपकेंद्राशेजारच्या वस्तीला आवाजाची व जागेची तक्रार असते, तिची दाद वेगळ्या कार्यालयात. चंद्रपूरच्या गिरणीवाल्याला उपकेंद्राचे नावही ठाऊक नसते. जाहीर सूचना मराठी वृत्तपत्रांतून येते, याचिकेचा गोषवाराही मराठीत मिळतो. आदेश मात्र इंग्रजीत, शेकडो पृष्ठांचा. विद्युत अभियांत्रिकी, अर्थशास्त्र आणि विधी हे तिन्ही विभाग ज्या महाविद्यालयांच्या एका आवारात नांदतात, तेथूनही अशा याचिकांवर लेखी हरकत गेल्याची उदाहरणे विरळाच. टपालखर्च आणि मुदतीचे भान याखेरीज त्यास काही लागत नाही.