इंडिका : संकल्प आणि निर्वाह

यंत्रकृतीची समीक्षा करताना दोन बाह्य निकष वारंवार आड येतात : एक अभिमानाचा, दुसरा प्रतिष्ठेचा. टेल्को कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात मांडलेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात आणलेली ‘इंडिका’ ही मोटार या दोन्ही निकषांना बळी पडली. प्रथम ती स्वदेशी कर्तृत्वाचा मानबिंदू ठरली. पुढे भाड्याने धावू लागताच तिला हलकी लेखण्यात आले. वस्तुतः हे दोन्ही अभिप्राय गाडीविषयी नसून तिच्या भोवतालाविषयी आहेत. रचना म्हणून तिचा विचार करावयाचा, तर तिच्यामागील संकल्प कोणता व त्याचा निर्वाह कितपत झाला, एवढेच पाहिले पाहिजे.

हा संकल्प रतन टाटा यांनी तुलनेच्या भाषेत मांडला होता. बाहेरून झेनएवढा आकार, आत अँबॅसडरसारखी ऐसपैस जागा, मारुती ८०० च्या आसपास किंमत आणि डिझेलमुळे चालविण्याचा अल्प खर्च, असे त्याचे स्वरूप होते. ही चारही अंगे परस्परांशी भांडणारी आहेत. डिझेल एंजिनात हवेचा मोठा दाब सोसावा लागतो. म्हणून ते जाड व जड बनते. जड एंजिन लहान गाडीत बसविले की वजन पुढील चाकांवर येते आणि कंपने थेट बैठकीपर्यंत पोहोचतात. त्यांवर खर्चिक उपाय करावेत, तर किंमत आड येते. रचनाकाराची कसोटी लागते ती येथेच.

जागेचा प्रश्न या गाडीने निःसंशय उत्तम सोडविला आहे. एंजिन आडवे बसवून शक्ती पुढील चाकांनाच दिल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लांब दंड उरत नाही व पायांखालची जमीन मोकळी होते. पावणेचार मीटरांहूनही आखूड गाडीत पुढील व मागील आसांमधील अंतर २४०० मिलिमीटर ठेवले आहे. म्हणजे चाके जवळजवळ कोपऱ्यांत ढकलून मधला अवकाश माणसांना दिला आहे. मागचे उभे दिवे खांबांवर चढविल्याने वर उघडणाऱ्या दाराची रुंदी खर्ची पडत नाही. या बाह्याकृतीसाठी इटलीतील तूरिनच्या इदेआ संस्थेचे साहाय्य घेतले गेले. त्यामुळे कृतीचे स्वत्व उणावते, हा आक्षेप टिकत नाही; कारण येथे आकार अलंकार म्हणून आलेला नसून तो जागेच्या गरजेतूनच निघाला आहे.

एंजिनाविषयी मात्र निर्णय अधिक सावधपणे द्यावा लागतो. ते चार सिलिंडरांचे, १४०५ घनसेंटिमीटरांचे आहे. त्यात इंधन मुख्य कक्षात न सोडता लगतच्या लहान पुरःकक्षात सोडले जाते. तेथे ज्वलनास आरंभ होऊन तप्त वायू अरुंद मुखातून दट्ट्यावर येतात. या पद्धतीत दाब क्रमाने वाढतो, म्हणून ठोका सौम्य होतो; इंधनपंपही साधा व स्वस्त चालतो. उलट, पुरःकक्षाच्या भिंती उष्णता शोषून घेतात व तेवढे इंधन वाया जाते. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये १४७१ घनसेंटिमीटरांच्या डिझेल गोल्फमध्ये हाच मार्ग पत्करला होता. तथापि इंडिका आली तेव्हा काळ बदलला होता : १९९७ मध्येच इटलीच्या आल्फा रोमेओने सामायिक नलिकेतून अतिउच्च दाबाने थेट इंधन सोडणारे एंजिन बाजारात आणले होते. म्हणजे इंडिकाची निवड जुनी होती. परंतु ती अज्ञानाची नव्हती. खेड्यातील कारागिरालाही उलगडेल व किमतीच्या मर्यादेत राहील असे यंत्र त्या संकल्पाला हवे होते.

निर्वाहात उणिवा राहिल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. आरंभीच्या गाड्यांबद्दल आवाज, कंपने व जोडकामातील ढिलाई यांविषयी पुष्कळ तक्रारी झाल्या. २००१ मध्ये ‘व्ही २’ ही सुधारित आवृत्ती आली व तिने गाडीचा लौकिक सावरला. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या सुधारणेत गाडीचा मूळ आराखडा बदलावा लागला नाही. दोष कल्पनेत नसून हातोटीत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

संकल्पाचा एक आधार मात्र गाडीबाहेर होता. पेट्रोल व डिझेल यांच्या किमतींतील अंतर शासकीय धोरणाने राखले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलची किंमत नियंत्रणमुक्त झाली आणि अल्प खर्चाचा युक्तिवाद दुबळा पडला. २०१८ मध्ये इंडिकाचे उत्पादन थांबले. यंत्राची आयुर्मर्यादा त्याच्या पोलादापेक्षा भोवतालच्या अर्थव्यवस्थेवर अधिक अवलंबून असते, हा बोध रचनाकाराने येथून घेण्याजोगा आहे.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. भाड्याच्या गाडीचा चालक तिच्यातील जागा व तिचा खर्च रोज मोजतो. त्याला जाहिरात भुलवू शकत नाही. त्याने ही गाडी निवडली, हा तिचा अधःपात नसून मूळ संकल्पाला मिळालेली सर्वांत कठोर, म्हणूनच सर्वांत विश्वसनीय, मान्यता होय.