विहारातील निनाद आणि धम्मश्रवण

कोयनेच्या खोऱ्यात, विशेषतः पाटण तालुक्याच्या डोंगराळ भागात, वर्षावास हा शब्दशः वर्षेतला वास असतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, आणि नेमक्या याच काळात पावसाच्या झडीमुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात. सिमेंटच्या स्लॅबखाली दहा-पंधरा उपासक-उपासिका बसलेल्या असतात. वाचकाचा शब्द गुळगुळीत भिंतींवर आदळून मागून येणाऱ्या शब्दात मिसळतो, आणि शेवटच्या रांगेतील वृद्ध उपासिकेच्या कानी केवळ घुमारा पोचतो. हा गवंडीकामाचा दोष म्हणून आपण तो सोडून देतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो विनयाचा प्रश्न आहे.

महावग्गाच्या उपोसथविषयक प्रकरणात या संबंधीचे दोन प्रसंग एकापाठोपाठ आले आहेत. षड्वर्गीय भिक्खू पातिमोक्ख म्हणताना बुद्ध्याच ऐकू जाणार नाही असे म्हणत. तथागतांनी ते दुक्कट ठरविले. उदायीचा आवाज कावळ्यासारखा होता आणि आपण दोषी ठरतो की काय, अशी शंका त्याला आली. तेव्हा, ऐकू जावे यासाठी म्हणणाऱ्याने प्रयत्न करावा, अशी अनुज्ञा मिळाली. चुल्लवग्गात धम्म गाण्यासारखा स्वर लांबवून म्हणण्यास मनाई आहे. जेथे अनुयायाला ‘श्रावक’, म्हणजे ऐकणारा, असे नाव आहे तेथे ही दक्षता स्वाभाविकच होय.

आपल्यासाठी या गोष्टीला आणखी एक धार आहे. शूद्राने वेद ऐकल्यास त्याच्या कानात वितळलेला धातू ओतावा, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ऐकण्याचाच ज्यांना अधिकार नव्हता, त्यांना १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या उघड्या मैदानावर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि त्या मराठीत दिल्या. प्रत्येक प्रतिज्ञेला अर्थ होता आणि तो अर्थ समजूनच ती उच्चारायची होती. अर्थ हरवून केवळ नाद उरला की धम्मवचनाचा मंत्र होतो. निनादणाऱ्या विहारात हेच घडते, आणि दुर्दैवाने ते आपल्याला आवडते! त्रिसरण-पंचशील सर्वांना पाठ असल्याने घुमणाऱ्या दालनात वंदना भारदस्त वाटते. विहाराचा आवाज चांगला आहे, हा आपला निर्णय वंदनेवर बेतलेला असतो. न ऐकलेले नवे वाक्य मात्र तेथे टिकत नाही. स्वर जोरकस असतात, ते रेंगाळतात. क, त, प, स यांसारखी दुर्बळ व्यंजने त्यांच्याखाली दडपली जातात.

येथे आपल्या बांधणीवर टीका करणे भाग आहे. दीक्षाभूमीवरील भव्य स्तूपाचे १८ डिसेंबर २००१ रोजी लोकार्पण झाले. त्याच्या अर्धगोलाचा मोह लहान विहारांच्या बांधकाम समित्यांनाही पडतो. परंतु सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्या आत बसून कोणी प्रवचन ऐकले नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातही स्तूप भरीवच, आणि त्याभोवती प्रदक्षिणेची वाट. शिवाय तेथील कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत, दुतर्फा स्तंभांच्या रांगा आहेत. ध्वनी त्यांवर विखुरतो. पाटणहून कोयनेच्या काठाने खाली आले की कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठांहून अधिक लेणी आहेत. त्यांत राहण्याच्या साध्या, लहान खोल्याच पुष्कळ. थोड्या माणसांच्या संवादाला लहान जागा पुरते. पोकळ, गुळगुळीत घुमट श्रोत्यांच्या डोक्यावर ठेवणे ही परंपरा नसून आपली नवी कल्पना आहे, आणि अंतर्गोल पृष्ठभाग ध्वनी एका जागी गोळा करतो.

हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी १८९५पासून तेथील एका व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवून मोजमाप केले. निनादाचा काळ दालनाच्या घनफळाबरोबर वाढतो आणि ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठभागाने घटतो, हे त्यांनी दाखविले. उघडी खिडकी हे त्यांचे शोषणाचे परिमाण होते, कारण तीतून गेलेला ध्वनी परत येत नाही. ४० फूट लांब, २५ फूट रुंद व १२ फूट उंच विहार घ्या. घनफळ सुमारे ३४० घनमीटर. सर्व पृष्ठभाग शेकडा तीन इतकेच शोषतात असे धरले, तर रिकाम्या दालनात निनाद पाच सेकंदांहून अधिक रेंगाळतो. साठ माणसे बसली की तो सुमारे दीड सेकंदावर येतो, पंधरा बसली तर साडेतीनच्या आसपास राहतो. आंबेडकर जयंतीला ऐकू येते आणि श्रावणात ऐकू येत नाही, याचे कारण हेच. भाषणासाठी निनाद सेकंदाच्या आसपास असणे इष्ट.

यावर सामान्यतः योजिला जाणारा उपाय म्हणजे मोठा कर्णा. तो निरुपयोगी आहे. आवाज वाढविला की घुमाराही तितकाच वाढतो. ध्वनिवर्धक लहान असावा, श्रोत्यांच्या जवळ असावा आणि त्याचे तोंड छताकडे नसून माणसांकडे असावे. माईक वाचकाच्या ओठांपासून वीतभर. वाचकाने वाक्याअखेर थांबावे, वेग कमी ठेवावा. खर्चाचे म्हणाल तर मागील भिंतीवर, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून, जाड घोंगड्या टांगाव्यात. त्या पडलेला निम्मा ध्वनी शोषतात असे धरल्यास तीस चौरस मीटर आच्छादनाने पंधरा श्रोत्यांच्या वेळचा निनाद निम्म्यावर येतो. घोंगडी विहारात शोभत नाही असे कोणी म्हणेल. चकचकीत टाइल्स शोभतात, पण त्या ऐकू देत नाहीत.

नवा विहार बांधताना टाइल्सचा खर्च मंजूर करण्यापूर्वी समितीने एक परीक्षा करावी. बुद्धमूर्तीजवळ उभे राहून एकाने एकमेकांशी संबंध नसलेले पन्नास मराठी शब्द वाचावेत आणि शेवटच्या रांगेत बसलेल्यांनी ते लिहून घ्यावेत. खिडक्या लावून, आणि शक्य तर पावसाच्या दिवशी.