पोथी, प्रवचन आणि प्रश्न : 'सोलेंतिनामेचे शुभवर्तमान' वाचताना

धर्मग्रंथ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ज्या माणसांना ग्रंथ वाचणे तर सोडाच, ऐकण्याचीही बंदी होती, त्यांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळून या प्रश्नाचे एक उत्तर दिले. जो ग्रंथ माणसाला माणूस मानत नाही त्याच्याशी दुसरा व्यवहार शक्यच नव्हता. परंतु नाकारलेल्या ग्रंथाचे काय करायचे हे ठरल्यावर दुसरा प्रश्न उरतोच. जो ग्रंथ आपण आपला म्हणून स्वीकारला, तो वाचायचा कसा? हा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा उभा राहिला तो एका परक्या देशातल्या, परक्या धर्मातल्या पुस्तकामुळे. त्या पुस्तकाची चिकित्सा हा या लेखाचा हेतू आहे.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात एक विशाल सरोवर आहे. त्यातल्या काही बेटांच्या समूहाला सोलेंतिनामे म्हणतात. कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल १९६६ साली तिथे राहायला गेला. बेटांवर गरीब शेतकरी आणि मासेमारी करणारे लोक राहत. रविवारी ते होडीने चर्चमध्ये येत. कार्देनालने तिथे एक साधी गोष्ट केली. प्रवचन बंद केले. ज्यांना वाचता येई त्यांच्या हाती शुभवर्तमानाच्या प्रती दिल्या. एखादा मुलगा किंवा मुलगी उतारा मोठ्याने वाची आणि मग एकेका ओवीवर सारे बोलत. प्रती होत्या प्रॉटेस्टंटांनी काढलेल्या सोप्या भाषांतराच्या; कारण भाषा शेतकऱ्याची होती. कॅथलिक धर्मगुरूला त्यात काही वावगे वाटले नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे या चर्चा ध्वनिमुद्रित झाल्या आणि १९७५ पासून ग्रंथरूपाने आल्या. डोनाल्ड वॉल्श यांचे इंग्रजी भाषांतर १९७६ ते १९८२ या काळात चार खंडांत निघाले.

या ग्रंथाचे पहिले मोल असे की त्यात माणसे वेगवेगळी राहतात. कार्देनालने प्रस्तावनेत त्यांची ओळखच तशी करून दिली आहे. लॉरेआनो प्रत्येक ओवी क्रांतीकडे नेतो. रेबेका प्रत्येक वेळी प्रेमाविषयी बोलते. म्हातारा तोमास पेन्या याला अक्षर ओळखत नाही, पण त्याच्या बोलण्याला शहाणपणाचे वजन आहे. ऑलिव्हिया ही बाई धर्मतत्त्वाच्या मुळाशी जाते. पान्चो जुन्या विचारांचा आहे आणि तोही गप्प बसत नाही. आपल्याकडच्या 'सामूहिक' लेखनात बहुधा एकच आवाज पन्नास तोंडांतून येतो. इथे मतभेद छापले गेले आहेत. साहित्य म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते. निरक्षर माणसाचे बोलणे ग्रंथात आले की ते 'पात्राच्या तोंडची बोली' म्हणून येते, विचार म्हणून येत नाही, ही आपलीही जुनी तक्रार आहे. सोलेंतिनामेत ते विचार म्हणून आले आहे.

एक उदाहरण देतो. लूकच्या पहिल्या अध्यायात मरियेचे स्तोत्र आहे. देव सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढतो आणि भुकेल्यांना पोटभर देतो, असा त्याचा आशय. हे स्तोत्र तिथे ताइतासारखे वापरले जाई. थोरल्या सोमोझाच्या राजवटीत त्याला मत दिल्याचा कागद शेतकऱ्याला सतत जवळ बाळगावा लागे. लोक थट्टेने त्या कागदालाच या स्तोत्राचे नाव देत. कार्देनालने विचारले, एक गरीब बाई असे गाते हे हेरोदाला कळले असते तर तो काय म्हणाला असता? एकीने हसून सांगितले की तिला वेडी ठरवले असते. दुसरी म्हणाली, कम्युनिस्ट ठरवले असते. लॉरेआनोने मग ठरवण्याचा मुद्दाच बाजूला सारला. ती होतीच कम्युनिस्ट, असे तो म्हणाला. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने हे विधान टिकणार नाही. परंतु गळ्यातला ताईत सोडून त्यातली अक्षरे वाचण्याचे धैर्य या माणसांना कुठून आले? त्यांना कुणी तरी प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली, त्यातून आले.

या वाचनाची किंमतही त्यांनी मोजली. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोलेंतिनामेच्या तरुणांनी सान कार्लोस येथील लष्करी ठाण्यावरील हल्ल्यात भाग घेतला. एल्बिस आणि डोनाल्ड हे दोघे चर्चेतले तरुण मारले गेले. सोमोझाच्या सैनिकांनी वसाहत उद्ध्वस्त केली. १९७९ च्या जुलैत क्रांती झाली, कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाला. १९८३ साली पोपने मानाग्वाच्या विमानतळावर जगासमोर त्याला बोट दाखवून फटकारले. पुढे त्याचे धर्मगुरूपणाचे अधिकार काढून घेतले, ते परत मिळाले २०१९ साली, मृत्यूच्या एक वर्ष आधी. १९९४ मध्ये त्याने सत्तेसाठी लढलेला स्वतःचा पक्षही सोडला होता. चर्च आणि पक्ष या दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारणारा माणूस अखेर बाहेरच उभा राहतो, असे यावरून दिसते.

आता माझे आक्षेप. पहिला आक्षेप असा की ध्वनिमुद्रण यंत्र धर्मगुरूच्या हाती आहे. कोणाचे बोलणे ठेवायचे आणि कोणाचे गाळायचे हे तोच ठरवतो. प्रश्न बहुधा तोच विचारतो आणि समारोपही अनेकदा तोच करतो. चांगल्या मनाचा असला तरी तो मध्यस्थ आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इथे जीवनाच्या कसोटीवर अर्थ तपासला जातो, ग्रंथ तपासला जात नाही. शुभवर्तमान गरिबाच्या बाजूचे आहे हे गृहीतच धरलेले आहे. पण त्याच बायबलात पौलाच्या नावावरची पत्रे आहेत, त्यांत गुलामांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितले आहे. इजिप्तमधून सुटलेले गुलाम कनानी लोकांच्या भूमीत शिरतात, तेव्हा त्या कनानी माणसाने तो उतारा कसा वाचायचा? ग्रंथाला 'नाही' म्हणण्याचा हक्क ज्या चर्चेत नाही, ती चर्चा दलित वाचकाला अपुरी वाटणारच.

तिसरा आक्षेप वर्गाच्या दृष्टीविषयी आहे. सोलेंतिनामेच्या चर्चेत श्रीमंत आणि गरीब असे दोनच पक्ष आहेत. याच दृष्टीने क्रांती सत्तेवर आली आणि १९८२ च्या सुरुवातीला तिने कोको नदीकाठच्या मिस्कितो आदिवासींना सक्तीने त्यांच्या गावांतून हलवले. गरिबीच्या आत आणखी एक उतरंड असते, हे केवळ वर्गाची भाषा बोलणाऱ्याला दिसत नाही. जातीच्या बाबतीत हा अनुभव आपण पुरेसा घेतला आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तर तो दोन्हीकडून येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. चर्चमध्ये जात गेली नाही आणि कागदावर मात्र ती गेली असे धरले गेले. म्हणूनच दलित ख्रिस्ती विचारवंतांना मुक्तीच्या धर्मशास्त्रावर न थांबता वेगळ्या दलित धर्मशास्त्राची मांडणी करावी लागली.

एवढे आक्षेप घेऊनही हे पुस्तक मला बाजूला ठेवता आले नाही. याचे कारण आपल्याच विहारात आहे.

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. शिकलेला म्हणून वाचण्याचे काम माझ्याकडे आले. दोन पावसाळे मी वाचत राहिलो. समोर बसलेल्यांत बायाच जास्त. वाचन संपले की तीनदा साधुकार, वंदना आणि घरी. एके दिवशी धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका मावशींनी विचारले, "सर, वाचून झालं की आम्ही नुसतं साधु म्हणायचं, का बोलायचं बी?" मला उत्तर सुचले नाही. मी घरी येऊन ग्रंथाची प्रस्तावना पुन्हा उघडली. बाबासाहेबांनी तिथे चार प्रश्न मांडले आहेत : परिव्रज्येचे खरे कारण, चार आर्यसत्ये, कर्म आणि पुनर्जन्म, आणि भिक्खू हा परिपूर्ण माणूस की समाजसेवक. वाचकांनी पुढे येऊन त्यांच्या उत्तरांत भर घालावी अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली आहे. ज्या ग्रंथाचे दारच प्रश्नांनी उघडते, त्याची पोथी मी स्वतः करत होतो. यात दुसऱ्या कोणाला दोष देण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उठलेल्या भांडणाचा भाग होता. मी वाचून थांबलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच मावशी म्हणाल्या, "म्हंजे भांडण पाण्याचंच होतं! आन् आमाला म्हातारा, आजारी, मढं एवढंच ठावं होतं." मग नळाच्या वेळेवर बोलणे आले, वरच्या आळीला आधी सुटणाऱ्या पाण्यावर आले. युद्धाला विरोध केला म्हणून संघ सिद्धार्थाच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू शकतो आणि जमीन जप्त करू शकतो, हा भाग आला तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "वाळीत टाकणं म्हणा की. आमच्या गावानं टाकलं हुतं." आणि त्यांनी ती हकीकत सांगितली. माझ्या आईला ती माहीत होती, मला नव्हती. एका तरुणाने विचारले, सिद्धार्थाने गाव सोडले, आपणही सोडायचे का? त्यावर एकमत झाले नाही. त्या दिवशी साधुकाराला उशीर झाला. काही जणांना ते आवडले नाही आणि त्यांनी मला तसे सांगितलेही.

त्यांची भीती मी समजू शकतो. जो ग्रंथ एवढ्या किमतीने मिळाला त्याच्यावर कोणीही काहीही बोलावे, यात त्यांना अनादर वाटतो. परंतु जे बुद्धीला पटत नाही ते बुद्धाचे म्हणून मानू नये, ही कसोटी याच ग्रंथात बाबासाहेबांनी दिली आहे. सोलेंतिनामेच्या शेतकऱ्यांना त्यांच्या ग्रंथाने असा हक्क दिलेला नव्हता, तरी ते बोलले. आपल्याला तो हक्क ग्रंथानेच दिला आहे आणि आपण हात जोडून गप्प बसलो आहोत.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी एवढे करावे. उतारा दुसऱ्याला वाचू द्यावा. ज्याला वाचता येत नाही त्याला आधी बोलू द्यावे. जो मत देईल त्याचे नाव घालून ते लिहून ठेवावे, पटले नाही तरी. आणि आपण शेवटचे वाक्य बोलू नये. मलाही हे अजून नीट जमत नाही. येत्या आषाढ पौर्णिमेला मी वाचायला बसणार नाही, ऐकायला बसणार आहे.