पितळेवरची खळी

अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहायला आलेली माणसं तलवारींपाशी रेंगाळतात आणि बंदुकांपुढून भराभरा जातात. थांबलीच तर दस्त्यावरची नक्षी पाहतात. माझ्या लेखी बंदुकीचं सगळ्यात वाचनीय अंग अशा कपाटांत सापडतच नाही. चाप ओढला, आत खटका पडला आणि बार उडालाच नाही, तर मागून जे काडतूस हाती येतं, त्याच्या बुडाशी पितळेवर एक बारीक खळी उमटलेली असते. रसिकानं पाहावी ती ही खळी.

त्यासाठी रायफल एकबारी हवी. मॅगझिनच्या रायफलीत बोल्ट ओढला की न उडालेलं काडतूस गवतात पडतं, पुढचं आत सरकतं आणि घडलेली गोष्ट विसरली जाते. एकबारी रायफलीला अशी घाई करताच येत नाही. ब्रिटिश फौजेनं 1871 मध्ये घेतलेली मार्टिनी-हेन्री पाहा. तिला बाहेरून घोडा नाही. मुठीखालचा दांडा हलक्या हातानं खाली केला की मागच्या खिळीवर तोललेला लोखंडी ठोकळा पुढून झुकतो आणि काडतूस सरकत बोटांशी येतं. फायरिंग पिन आणि तिची वळ्यांची स्प्रिंग त्या ठोकळ्याच्याच पोटात. इतकं कमी सामान, इतकं घट्ट बसवलेलं! पुढं याच बांधणीवर शिकारीच्या रायफली निघाल्या त्या उगीच नाही.

पण दांडा लगेच खाली करायचा नाही. दारू कधीकधी उशिरा पेटते. नळी मोकळ्या मातीकडे रोखून निदान अर्धा मिनिट थांबायचं, ठासणीची बंदूक असेल तर त्याहून बरंच जास्त. जाणता कोण आणि हौशी कोण, ते या अर्ध्या मिनिटात कळतं.

मग काडतूस उजेडात धरायचं. बुडाच्या मधोमध टोपी असते. तिच्या पातळ धातूखाली ठोक्यानं पेटणारं मिश्रण आणि त्याच्यामागे एक छोटी ऐरण. पिन धातू दाबते, मिश्रण ऐरणीवर चिरडतं आणि ठिणगी दारूत जाते. या सगळ्याचं मूळ एका पाद्र्याच्या वैतागात आहे. स्कॉटलंडचे अलेक्झांडर फोर्सिथ पाणपक्ष्यांची शिकार करत. चकमकीच्या बंदुकीचा भपका दिसला की छर्रे पोचायच्या आत पक्षी उडून जात. त्यावर त्यांनी ठोक्यानं पेटणारी दारू वापरायची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. बदकांनी घडवून आणलेली ही क्रांती मला वॉटर्लूच्या लढाईपेक्षा जास्त रंजक वाटते.

खळीच नसेल तर वाचायला फारसं काही नाही. पिन मोडली असेल, नाहीतर यंत्र चढलंच नसेल. उथळ खळीत मात्र खरा रस आहे. ती मधोमध आहे आणि सगळ्याच काडतुसांवर सारखीच उथळ आहे, तर स्प्रिंग थकली किंवा पिनेची वाट चोंदली. एका बनावटीच्या काडतुसांवर उथळ आणि दुसऱ्यांवर खोल पडत असेल, तर काडतुसाच्या काठामागे फट पडली आहे. पातळ काठाचं काडतूस ठोक्यासरशी पुढं सरकतं आणि ठोक्याचा जोर त्या सरकण्यातच जातो. चादरीतला दोष बघून मागाचा कुठला भाग ढिला झालाय हे सांगणारे विणकर सोलापुरात होते. त्याच जातीची ही नजर.

सोलापूरकडे चोंदलेली वाट हे कारण आधी तपासावं. उन्हाळ्यात इथली काळी माती पिठासारखी उडते. पारा चाळिशीपार गेला की पातळ तेल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि धूळ त्यात मुरते. त्यात निवडणूक आली, की आचारसंहितेपायी परवान्याची हत्यारं बहुतेकांना ठाण्यात जमा करावी लागतात. जमा करण्याआधी मालक मायेनं भरपूर तेल पाजतो, आणि परत येईतो त्या तेलाचा डिंक झालेला असतो. हीच माया काडतुसांनाही भोवते. तेल टोपीच्या कडेनं आत झिरपतं आणि मिश्रण मरतं. तेव्हा खळी खोल, गोल, नेमकी मध्यावर, आणि तरी बार फुसका! बंदूक निर्दोष असल्याचं इतकं सुंदर प्रशस्तिपत्र दुसरं नाही.

आता शिकारीची रायफल म्हणायचं ते नावापुरतंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार संपवली. नान्नजच्या माळावरचा काळवीट ज्वारीत शिरला तरी त्याच्याकडे नुसतं पाहायचं, रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी हवी. पीकरक्षणासाठी शस्त्र कायद्यानं शेतकऱ्याच्या हाती ठेवली ती मुख्यतः ठासणीची. तिच्यात वाचायला काडतूसच नाही. तिचा रसिक वेगळा.

घाबरावं ते ओरखड्याला. खळीतून एका बाजूला रेघ ओढली गेली असेल, तर पिन पुढंच अडकून राहते आहे. अशा रायफलीत पुढचं काडतूस घालून ठोकळा वर करताना, चाप न ओढताही बार उडू शकतो. तिथं वाचन थांबवायचं आणि रायफल परवानाधारक कारागिराकडे न्यायची. घरी कानस चालवायची नाही.

राहिली कडेला पडलेली खळी. दोष पिनेचा की काडतुसाचा? तेच काडतूस अर्धा फेरा फिरवून पुन्हा घालावं आणि नळी मातीच्या बांधाकडे ठेवून दुसरा ठोका द्यावा. बार उडाला तरी टोपी हाताशी राहतेच. समोरासमोर दोन खळ्या दिसल्या तर पिन वाकडी चालते. दुसरा ठोका पहिल्याच खळीत बसला तर पिन सरळ आहे आणि कारखान्यात टोपीचं घरच बाजूला कोरलं गेलंय.