रडारची दृष्टी आणि वृक्षतोडीचे माप

विषुववृत्तीय वनांवर वर्षातील बराच काळ ढगांचे आवरण असते. त्यामुळे प्रकाशचित्रे घेणाऱ्या उपग्रहांना तेथील वृक्षतोड पुष्कळदा उशिरा दिसते. रडारच्या लहरी मात्र ढग भेदून जातात. या गुणाच्या आधारे योहानेस राइखे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली काँगो खोऱ्यासाठी वनबाधेचे इशारे देणारी पद्धती मांडली. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहांच्या मापनांवर उभारलेले हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि त्याच्या निष्कर्षांचा अर्थ लावताना रडार नेमके काय पाहते, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

या उपग्रहाची लहर सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीची असते. ती मुख्यतः पर्णछत्राच्या वरच्या थरातील पाने व डहाळ्या यांवरून विखुरते. झाड पडले की परत येणारा संकेत सामान्यतः क्षीण होतो. परंतु जमीन ओली असली किंवा तोडलेल्या फांद्या तेथेच पडून राहिल्या, तर ही घट काही काळ झाकली जाते. म्हणून एका मापनावर विश्वास न ठेवता नंतरच्या मापनांनी बाधेची संभाव्यता वाढत जाऊन ९७.५ टक्क्यांच्या वर गेली, तरच इशारा निश्चित मानला जातो. त्यासाठी ९० दिवसांची मर्यादा आहे. हा सावधपणा पद्धतीचे खरे बळ होय.

पद्धतीची अचूकता प्रभावी आहे. निबंधानुसार दिलेल्या इशाऱ्यांपैकी ९७.६ टक्के खरे ठरले आणि घडलेल्या बाधांपैकी ९५.० टक्के पकडल्या गेल्या. परंतु हे आकडे ०.२ हेक्टर वा त्याहून मोठ्या बाधांचे आहेत. लेखकांनी ही अट स्पष्ट नोंदविली आहे. ती विसरतात ते आकडे उद्धृत करणारे. मध्य आफ्रिकेतील लाकूडतोड बहुधा निवडक असते: हेक्टरी एखाददुसरे मौल्यवान झाड तोडले जाते. अशा एका झाडाच्या जागी पडणारी पोकळी पुष्कळदा काही शे चौरस मीटरांचीच असते, आणि इशाऱ्यांचे किमान क्षेत्र ०.१ हेक्टर, म्हणजे १००० चौरस मीटर आहे.

यातून एक विषमता उद्भवते. अर्धा हेक्टर रान मोकळे करून शेती करणारा गरीब कुटुंबप्रमुख रडारच्या दृष्टीत सहज येतो; मूल्यवान झाड निवडून नेणारा व्यापारी मात्र निसटण्याचा संभव अधिक. त्याच्या ओंडक्यांसाठी केलेला रस्ता दिसतो, पण त्या रस्त्याने किती झाडे गेली हे दिसत नाही. शिवाय परवान्याची तोड आणि चोरटी तोड यांचा संकेत सारखाच असतो. म्हणून इशारा हा तपासाचा आरंभ होय, अपराधाचा पुरावा नव्हे. आणि इशाऱ्याचा अभाव हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे.

महाराष्ट्रातील अभ्यासकांनाही हा विचार लागू पडतो. मूळ पद्धती सदाहरित आर्द्र वनांसाठी आहे. मेळघाटातील सागाची वने दरवर्षी पाने गाळतात आणि त्या ऋतुबदलानेही संकेत पालटतो. तो बदल वेगळा काढल्याखेरीज पद्धती तेथे नेल्यास पानगळच तोड ठरेल. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहावर सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचे रडारही आहे. अशी लहर छत्रात अधिक खोल शिरते. त्यामुळे दृष्टी सुधारेल हे खरे. परंतु किती लहान पोकळीस बाधा म्हणावे, आणि त्या मापाखाली कोणाची तोड लपते, हे ठरविणे संशोधकाकडेच राहते. राइखे यांच्या निबंधाचा खरा धडा हाच की अचूकतेचा प्रत्येक आकडा त्याच्या किमान क्षेत्रासह वाचला पाहिजे.