चाव्या मोजल्या, परिणाम मोजला का?

सिनॉप्सिस लिहिताना बरेच जण सरकारी योजनेचा आकडा थेट 'निष्कर्ष' म्हणून टाकतात. ही सवय किती महागात पडते, ते 'स्वामिह' फंडाच्या उदाहरणावरून बघू.

आधी प्रश्न समजून घ्या. बांधकाम रखडलं की घर घेणारा दुहेरी अडकतो: राहत्या खोलीचं भाडं आणि न मिळालेल्या घराचा हप्ता. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की कर्ज एनपीए होतं. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँकेची 60 दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर जप्ती. घरं वेळेत पूर्ण झाली तर ही साखळी तुटू शकते. केंद्राने नोव्हेंबर 2019 मध्ये रखडलेल्या प्रकल्पांसाठी 25 हजार कोटींचा फंड जाहीर केला. त्यातून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प आपल्या उपनगरातलाच, बोरिवलीचा रिवाली पार्क (2021). 2025 च्या अर्थसंकल्पात 50 हजार घरांच्या चाव्या दिल्याचं सांगितलं गेलं आणि आणखी 15 हजार कोटींचा दुसरा फंड जाहीर झाला.

काम मोठं आहे, यात वाद नाही. पण संशोधक म्हणून दोन गोष्टी खटकायला हव्यात.

पहिली, निवड. प्रकल्प रेरा-नोंदणीकृत हवा आणि त्याचं नक्त मूल्य धन हवं, अशा अटी आहेत. म्हणजे तगण्याजोगेच प्रकल्प आत आले. बरे होतील असेच पेशंट भरती केले, तर औषधाचा गुण कसा कळणार? तुलनेसाठी अटीत थोडक्यात न बसलेले प्रकल्प घ्यायला हवेत.

दुसरी, एकक. अमेरिकेने 2008 मध्ये जप्तीने ओस पडलेल्या वस्त्या सावरायला 3.92 अब्ज डॉलर दिले. तिथे विचार वस्तीचा होता, आपल्याकडे प्रकल्पाचा. साकीनाक्यात भाड्याने राहून कुठल्यातरी अर्धवट टॉवरचा हप्ता भरणारं कुटुंब डोळ्यासमोर आणा. चावी मिळेपर्यंत त्यांनी दागिने मोडले का, बुकिंगच विकून टाकलं का, हे 50 हजारांत कुठेच दिसत नाही. पूर्ण झालेलं घर आणि वाचलेलं कुटुंब या दोन वेगळ्या मोजण्या आहेत.

म्हणून तुमचा प्रश्न 'किती घरं झाली?' असा ठेवू नका. 'फंड मिळालेल्या आणि न मिळालेल्या प्रकल्पांतल्या ग्राहकांचे हप्ते थकण्यात किती फरक पडला?' असा ठेवा. महारेराच्या साइटवर प्रकल्पांच्या मूळ आणि वाढवलेल्या तारखा मिळतात, तिथून सुरुवात करा. हप्त्यांची माहिती मात्र दारोदार फिरूनच गोळा करावी लागेल, आणि तुमच्या थिसिसचं खरं योगदान तेच असेल.