पानिपतची गोळी आणि सुटें पान

विज्ञानकथेचा परामर्श या पृष्ठांत पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु कै. जयंत विष्णु नारळीकर यांनीं गंगाधरपंत नांवाच्या इतिहासाच्या प्राध्यापकावर रचिलेल्या कथेचा सारा निकाल बखरीच्या एका पानावर ठेविलेला आहे. त्यामुळें ती संशोधकांच्या विचाराचा विषय होते.

अपघातानंतर गंगाधरपंत अशा एका मुंबईंत जाऊन पोंचतात कीं, जेथील इतिहासांत १४ जानेवारी १७६१ रोजीं मराठ्यांचा जय झालेला आहे. कारण एवढेंच कीं, विश्वासरावांवर आलेली गोळी कानाजवळून निघून गेली. हें ते तेथील भाऊसाहेबांच्या बखरींत वाचतात. परततांना तिचें एक फाटकें पान त्यांच्यापाशीं उरतें. त्या निराळ्या जगाची साक्ष म्हणून लेखकानें लेखी कागद निवडला, याबद्दल आम्ही त्यांचें अभिनंदन करितों.

गोळीच्या निवडीविषयीं मात्र आमचा मतभेद आहे. ती निवड निराधार नव्हे. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज हा लढाईचा प्रत्यक्षदर्शी होय. विश्वासराव पडल्यावर थोड्याच वेळांत मराठी फौज फिरली, असें त्याच्या फार्सी वृत्तांतावरून दिसतें. पण पूर्वीं घडलें तें सर्व कारण ठरत नाहीं. ज्यावांचून कार्य अडत नाहीं, त्यास नैयायिक अन्यथासिद्ध म्हणून वगळतात. ही कसोटी येथें लावली पाहिजे.

राजवाडे यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या पहिल्या खंडांत भाऊंचीं गोविंदपंत बुंदेल्यांस लिहिलेलीं पत्रें आहेत. पैका पाठवा, रसद पोंचवा, शत्रूच्या मुलखांत धामधूम करा, हाच त्यांतील धोशा आहे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अबदाली बागपताजवळ यमुना उतरला व भाऊ आणि दिल्ली यांच्यामध्यें येऊन बसला. डिसेंबरांत गोविंदपंत मारले गेले. पुढें छावणींत अन्न उरलें नाहीं, तेव्हां फौज निकराच्या लढाईस बाहेर पडली. उपाशी माणसें व दुबळीं जनावरें घेऊन सुरू झालेल्या लढाईंत एक गोळी चुकविली, तरी अनेक आठवड्यांचा उपास चुकत नाहीं.

तेव्हां मागें जाऊन एकच गोष्ट बदलण्याची मुभा आम्हांस मिळाली, तर आम्ही रणांगणावर न जातां यमुनेच्या उतारावर बळकट चौकी बसवूं. पण हाही तर्कच आहे. न्यायशास्त्रांत तर्काला प्रमाणाचा सहायक म्हटलें आहे, प्रमाण म्हटलेलें नाहीं. त्याचा उपयोग इतकाच कीं, कोणते कागद धुंडाळावे हें तो सांगतो. गोळी हेंच कारण मानणारा एका दिवसाचा वृत्तांत शोधील. उतार हें कारण मानणारा तीन महिन्यांचीं पत्रें, हिशेब आणि बातमीपत्रें पाहील. कथालेखकास एक क्षण पुरतो. संशोधकास तो पुरूं नये.

आतां त्या फाटक्या पानाविषयीं. तें खरें कीं बनावट, हें या जगांत ठरविण्यास साधन कोणतें? त्याची बखर येथें नाहीं, दुसरी प्रत नाहीं, तें कोणत्या दप्तरांतून आलें हें दाखविणारा रुमाल नाहीं. केवळ गंगाधरपंतांचा शब्द आहे. कथेंत हें शोभतें. परंतु आमच्या संग्राहकांपैकीं कित्येक जण मोडी दप्तरांतून मजकुराचें किंवा शिक्क्याचें एखादें देखणें पान काढून घेतात, व उरलेला रुमाल रद्दी म्हणून जाऊं देतात. अशा पानाची दशा गंगाधरपंतांच्या पानासारखीच होते. त्यावर कांहींही लिहिलेलें असो, शेजारचे कागद गेल्यावर त्याची साक्ष पटविणें दुर्घट होतें.

झालेलें पानिपत कोणास बदलतां येणार नाहीं. पण हातीं आलेला रुमाल न फोडणें, कागदांचा मूळ क्रम राखणें आणि ते कोणाच्या घरून केव्हां मिळाले याची नोंद त्याच दिवशीं करणें, हें प्रत्येक संग्राहकाच्या हातीं आहे. तेवढें त्यांनीं करावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.